देवरे डॉक्टरांची लाथ

आमचं गाव देवळालीच्या तोफांच्या सरावाच्या माळाला लागून होतं. गोळे गावावर पडत नसत, पलीकडच्या टेकड्यांवर पडत. पण फळीवरची भांडी दिवसभर थरथरायची आणि तान्ही पोरं दचकून रडायची. सराव चालू असला की टेकडीवर लाल निशाण असायचं. निशाण उतरलं की गावातली निम्मी माणसं माळावर धावायची, गोळ्यांचं पितळ आणि शिसं वेचायला. आम्हाला जमीन नव्हती. माझे वडील त्या धावणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे असायचे.

एका दुपारी त्यांनी जे उचललं ते फुटायचं राहिलेलं होतं. डाव्या हाताची बोटं गेली, डावा डोळा गेला. बरोबरचा माणूस तिथंच संपला. त्याला धोतरात गोळा करून आणलेलं मी लहानपणी पाहिलं. वेचणंच चोरीचं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? आई विड्या वळायला लागली. थोरली बहीण शाळा सोडून तिच्याशेजारी सूप घेऊन बसली. त्या दोघींच्या तंबाखूनं काळ्या पडलेल्या बोटांवर मी नाशिकला कॉलेजात गेलो आणि बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला, गावातलाही पहिला. हे मोठेपणासाठी सांगत नाही, असं लिहायची पद्धत आहे. मी मोठेपणासाठीच सांगतो.

पदवी आली तरी नोकरी येईना. पंचाहत्तरच्या आसपास नाशिकच्या एका धर्मादाय इस्पितळानं ईसीजीचं यंत्र घेतलं आणि ते चालवायला माणूस हवा होता, म्हणून मी गेलो. मुलाखतीला समोर एकच माणूस. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच, आणि टेबलावर फुटलेल्या कपाचे तुकडे. तो कप माझ्या आधीच्या उमेदवाराच्या वेळी फुटला होता, हे मला नंतर कळलं.

"गाव कोणतं?"

मी सांगितलं.

"म्हणजे तोफा ऐकत वाढलास."

"हो साहेब."

"मग माझं ओरडणं सोसशील. सोमवारपासून ये."

हे देवरे डॉक्टर. इस्पितळात त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'तोफखाना' म्हणत. मी त्या शब्दाला कधी हसलो नाही. खरा तोफखाना मी पाहिला होता आणि त्यात निशाण तरी लावत. इथं तेही नव्हतं.

ते मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलणं पुस्तकासारखं शुद्ध. राग पार डोक्यात गेला की अहिराणीत शिरत, आणि ती अहिराणी कानावर पडली की वॉर्डबॉय ट्रॉलीसकट भिंतीला चिकटून उभे राहत. एक्स-रेची फिल्म चुकीच्या बाजूनं लावली की ती भिरकावली जायची. रोग्याच्या उशाखाली तंबाखूची पुडी सापडली की ती खिडकीतून खाली जायची. खिडकीखाली बागकाम करणाऱ्या म्हाताऱ्या माळ्याला त्यामुळे तंबाखू कधी विकत घ्यावी लागली नाही. त्या वॉर्डाच्या बाजूचा वाफा सगळ्यात चांगला का, याचं उत्तर मला त्यानंच डोळा मारून दिलं होतं.

नातेवाइकांना तर ते सरळ मारत. आज हे ऐकून लोक दचकतील. लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी हृदयविकाराच्या झटक्यानं दाखल झाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या कॉटभोवती दलाल बसले आणि भाव ठरायला लागले. डॉक्टरांनी दोघांना कॉलरीला धरून जिन्यापर्यंत ओढत नेलं. व्यापारी उठून बसला. "डॉक्टर, अहो माझे दोन ट्रक अडलेत!"

"ट्रक कुणीही हाकील," डॉक्टर म्हणाले. "तुला खांदा द्यायलाच माणसं शोधावी लागतील. झोप!"

तो झोपला. जगलाही. पुढे दर हंगामात डॉक्टरांच्या दारात कांद्याची एक गोणी यायची आणि डॉक्टर ती शिव्या देत स्वयंपाकघरात पाठवायचे.

हात असा मोकाट, पण पायाचं उलटं होतं. माझी खोली इतकी अरुंद की टेबल, यंत्र आणि दोन माणसं यांत तिसऱ्याला जागा नाही. तिथं कधी त्यांच्या बुटाचं टोक रोग्याला लागलं, तर ते वाकून त्या रोग्याला हात लावत आणि तो हात कपाळाला लावत. पाय लागला की आपण सगळेच असं करतो, पण आपण सवयीनं करतो. ते घाबरून करत. ज्याला आत्ताच थोबाडीत मारली त्याची माफी नाही, आणि ज्याला नुसतं बुटाचं टोक लागलं त्याला नमस्कार. खुर्चीवर बसताना पाय खुर्चीखाली आखडून घेत. मला वाटायचं, असते एकेकाची तऱ्हा.

मला त्यांनी शिकवलं तेही आपटून आपटून. देवळाली कॅम्पातला एक हवालदार छातीत दुखतंय म्हणून आला होता. आडवा झाला की कळ, पुढं वाकून बसला की आराम. डॉक्टरांनी माझी मान धरली, स्टेथोस्कोप माझ्या कानात कोंबला. "ऐक. काय ऐकू येतं?"

मला ठोक्यांबरोबर करकर ऐकू आली. मी म्हणालो, "नवीन कोल्हापुरी चप्पल घालून कुणी चालतंय, तसं."

"शाबास. बी.एस्सी. फुकट नाही गेली." मग माझ्या छातीवर बोट टोचत म्हणाले, "हृदय एका पिशवीत असतं. ती पिशवी सुजली, की तिचे दोन पदर असे घासतात. दुखतं भयंकर, पण नुसती पिशवीच असेल तर माणूस बहुतेक वेळा सुटतो. कधी कधी सूज पिशवीतून आतल्या मांसात उतरते. हृदय म्हणजे शेवटी मांसच. मग काय होतं?"

"जास्त दुखतं?"

टपली बसली. "पिशवी ओरडते, गाढवा. मांस ओरडत नाही, ते मरतं. म्हणून दुखायचं थांबलं की लोक नाचायला लागतात आणि मला तेव्हाच भीती वाटते."

हवालदाराची नुसती पिशवीच होती. तो काही आठवड्यांत कॅम्पात परत गेला. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. छातीत दुखणारा असा कुणी आला की माझ्याकडून ईसीजीची एक पट्टी काढून ते थांबत नसत. रोज काढायला लावत. पट्टीवरची रेघ सगळीकडे उचललेली असली की ती पिशवीची खूण. मध्येच एखादा रुंद, वेडावाकडा ठोका आला, की ते पट्टी खिडकीच्या उजेडात धरून बघत राहत. तेवढा वेळच काय ते गप्प.

आणि मग दौलत आला.

दौलत पंचवटीच्या बाजूच्या एका तालमीतला पैलवान. वीस-एकवीस वर्षांचा, अंगानं दगडी खांब. त्या सकाळी त्याला टांग्यातून आणलं. बरोबर त्याचे वस्ताद निवृत्तीबाबा आणि मागं धावत आलेले सात-आठ पैलवान. दौलत पुढं वाकून बसला होता, ओठ निळसर पडलेले. अंगातला सदरा काढला तर छातीच्या मधोमध, थोडा डावीकडे, टाचेचा काळानिळा ठसा.

"हाई काय शे?" डॉक्टर म्हणाले. अहिराणी लागली होती. "कोनी मारी हाई लाथ?"

वस्ताद शांतपणे म्हणाले, "उसण भरली व्हती साहेब. तापातून उठला आन् लगीच जोर काढले त्यानं. छातीत धरलं. वाकलं की बरं वाटतं म्हणजे उसणच की. मग पायाळू आणला."

जन्मताना जो पायाकडून आधी बाहेर येतो तो पायाळू. त्याच्या पायाचा स्पर्श झाला, त्याची लाथ बसली, की उसण उतरते, हे आमच्या भागात घरोघरी मानतात. माझ्या आईलाही तशी लाथ मारून घेतलेली मी पाहिली आहे. पाठीतल्या उसणीला त्यानं काही बिघडत नाही. पण इथं तालमीतला एक पायाळू सुतार आणून पोराला भिंतीला टेकवून उभं केलं होतं, आणि सुतारानं नेटानं टाच हाणली होती. दौलत तिथंच कोसळला.

डॉक्टरांनी वस्तादांच्या तोंडात मारली.

निवृत्तीबाबांवर उभ्या आयुष्यात मातीबाहेर कुणी हात टाकला नव्हता. मग पैलवान उसळले. स्टूल खिडकीवर गेलं, काच खळ्ळकन खाली आली. वॉर्डबॉयचं नाक फुटलं. एकानं डॉक्टरांना कमरेला विळखा घालून उचललं. मी यंत्र पोटाशी धरून टेबलाखाली शिरलो, कारण नाशिकमध्ये तसं दुसरं यंत्र लवकर मिळणार नव्हतं. बाकी मी काही शूरपणा केला नाही.

"सोडा रे त्याला!" वस्ताद ओरडले. त्यांच्या ओठातून रक्त येत होतं. "आधी पोरगं बघू द्या. ह्याचा हिशोब मागनं."

अधांतरी असलेले डॉक्टर मला म्हणाले, "टेबलाखाली काय करतोस? पट्टी काढ!"

मी काढली. रेघ सगळीकडे उचललेली. स्टेथोस्कोपात तीच नव्या चपलेची करकर. इथवर पिशवी. पण ठोक्यांत मध्येच ते रुंद, वेडेवाकडे ठोके होते, एक्स-रेत हृदय फुगलेलं दिसत होतं, आणि मुंबईला पाठवलेल्या रक्तात, हृदयाचं मांस दुखावलं की जे वाढतं ते कितीतरी पट वाढलेलं आलं. घशाच्या तापानं सूज पिशवीला धरली होती आणि पिशवीतून आत उतरली होती. जोर-बैठका आणि टाच ही वरची भर.

औषध काय? दुखण्यावर गोळ्या, आणि विश्रांती. त्या काळी दुसरं फार काही नव्हतं. पैलवानाला सहा महिने हलू नको म्हणायचं आणि तो ऐकेल अशी आशा करायची.

आठवड्यात दौलतचं दुखणं थांबलं. झालं. तालमीत पेढे वाटले गेले. जत्रेची दंगल तोंडावर आली होती आणि दौलतची कुस्ती मोठी लागली होती. तो मला पट्टी काढताना म्हणायचा, "सायेब, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. मला काय बी व्हत नाय आता. पडून पडून मांड्या वितळल्या माझ्या."

"मांड्या परत येतील."

"तुम्हाला काय, तुम्ही कागद काढनार."

"बी.एस्सी. आहे मी," मी म्हणालो. तो हसला. मला राग आला नाही, कारण तो मनापासून हसायचा.

एका सकाळी डॉक्टर फेरीवर होते. वस्ताद नेहमीप्रमाणे बदामाच्या दुधाचा तांब्या घेऊन आले होते. न्हाणीच्या मागं धप्प असा आवाज आला. दौलत तिथं चोरून बैठका मारत होता. धावत गेलो तर डोळे पांढरे, नाडी नाही.

डॉक्टर त्याच्या छातीशी गुडघ्यावर बसले, मूठ वर नेली आणि बरगड्यांच्या मधल्या हाडावर हाणली. आवाज लाकूड फोडल्यासारखा आला. काही नाही. परत हाणली. "मरी जाशी ना रे!" ते ओरडत होते. "मरी जाशी!" तिसऱ्यांदा मूठ वर गेली आणि दौलतनं श्वास ओढला.

सलाईनमधून औषध सुरू झालं. मी पट्टी काढली तर त्या वेड्यावाकड्या ठोक्यांच्या रांगाच रांगा, मग हळूहळू विरळ होत गेल्या. सगळं थांबल्यावर निवृत्तीबाबा दूध सांडलेल्या फरशीवर उभे राहून म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही हाणली तर औषध, आन् आम्ही हाणली तर गुन्हा?"

मला वाटलं, आता दुसरी खिडकी जाणार. पण डॉक्टर दौलतची नाडी मोजत राहिले.

वस्ताद पुढं बोलत राहिले. "उसण निघालीच नाय त्याची. तो सुतार अस्सल पायाळू नव्हताच. निफाडकडं एक हाय, लय नामी. उद्या पोराला घेऊन जातो. नाय म्हनू नका, तुमचं दोन आठवडे ऐकलं."

आमच्या हातात काही नव्हतं. नातेवाईक सही करून रोग्याला नेऊ शकत. निफाडच्या वाटेवर, किंवा तिथल्या लाथेनं, दौलत मेला असता. हे मला कळत होतं, डॉक्टरांना कळत होतं, आणि वस्तादांना काही केल्या कळणार नव्हतं. पिशवी, मांस, पट्टी, सगळं त्यांना सांगून झालं होतं.

डॉक्टर स्टुलावर बसले. बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला. पांढरं, मऊ पाऊल. उन्हात कधी न गेलेलं.

"मी पायाळू आहे," ते म्हणाले.

वस्ताद वाकून ते पाऊल न्याहाळायला लागले.

"माझी आई गावी आहे. माणूस पाठवून विचारा. सगळ्या पंचक्रोशीतली उसण मी काढायचो. याची मी काढीन. पण माझ्या पायाचा एक नेम आहे. मी सांगेन त्या दिवशीच लाथ बसेल. तोवर याला जोर नाही, बैठक नाही, जिना नाही, मातीला पाय लावायचा नाही. नेम मोडला तर माझा पाय चालत नाही. आणि मग कुणाचाच चालणार नाही."

निवृत्तीबाबांनी खरंच माणूस पाठवला. तो आठवडाभरात परत आला आणि म्हणाला, "खरं हाय बाबा. म्हातारी सांगते, पायाकडूनच झाला." मग वस्तादांनी येऊन डॉक्टरांपुढं तोंड पुढं केलं आणि म्हणाले, "त्या दिवशी एकच मारली व्हती. शिल्लक आसंल तर मारून घ्या." डॉक्टर खेकसले, "निघा इथून!"

त्या दुपारी मी पट्टी द्यायला गेलो तेव्हा न राहवून विचारलं, "साहेब, तुमचा यावर विश्वास आहे?"

कप फुटेल या तयारीनं मी दाराशी उभा होतो. फुटला नाही.

"सहा वर्षांचा असताना मला खांद्यावर बसवून घरोघर नेत," ते म्हणाले. "लाथ मारली की गूळ. मला मजा वाटायची. शाळेतल्या गुरुजींच्या छातीत धरलं. त्यांना आडवं केलं आणि मला वर उभं केलं. मी उड्या मारल्या. सगळे म्हणत होते, मार, अजून मार. ते माझ्या पायाखाली गेले. मला कळलं, बाकीच्यांना उशिरा कळलं." पाय खुर्चीखाली ओढून घेत म्हणाले, "तेव्हापासून पाय आवरला. हात आणि तोंड काही आवरलं नाही. जा आता, काम कर."

"पण दौलतला खोटं सांगितलंत..."

"मला तो जिवंत पाहिजे. त्याला काय समजलं ते नंतर बघू."

पुढचे सहा महिने दौलत तालमीच्या ओट्यावर बसून होता आणि वस्ताद त्याच्यावर काठी घेऊन पहारा देत होते. दुसऱ्या तालमीतल्या एका पोरानं "बायकोसारखा बसलाय बघ" म्हटलं, तर वस्तादांनी त्याच काठीनं त्या पोराला नदीपर्यंत पळवलं. दंगलीच्या दिवशी दौलत घरात तोंड झाकून रडला, असं त्याच्या आईनं मला सांगितलं. जिना नको म्हणून त्याला खालच्या खोलीत झोपवत. मातीला पाय लागू नये म्हणून ओट्याखाली पोतं अंथरलेलं असे. मी सांगतो, कुठल्याही डॉक्टरच्या शब्दाला कुठल्याही पैलवानानं एवढा मान दिला नसता. पायाळूच्या शब्दाला दिला.

दर महिन्याला मी पट्टी काढत होतो. रेघ हळूहळू खाली आली. वेडे ठोके पट्टीवर दोन, मग एक, मग नाहीत. एक्स-रेत हृदय आपल्या जागेवर आलं. डॉक्टरांनी त्याला आवारात चालवलं, मग पळवलं, पळवून परत माझ्या टेबलावर आडवं केलं. पट्टी स्वच्छ होती. ती त्यांनी तीनदा उजेडात धरली.

"रविवारी," ते म्हणाले.

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर तालमीत गेलो. गर्दी मावत नव्हती. लाल माती चाळून, तेल-ताक घालून तयार केलेली. दौलत पालथा पडला होता. डॉक्टरांनी बूट दाराशी काढले आणि ते अनवाणी मातीत उतरले. सगळे श्वास रोखून होते, कारण हा माणूस थोबाडीत कशी मारतो ते त्यांनी पाहिलं होतं, मग लाथ कशी असेल! त्यांनी पाय उचलला. इतक्या जपून त्यांनी तो पोराच्या पाठीवर ठेवला, की मातीचा कणही हलला नसेल. लगेच काढला. मग खाली बसले, त्या पाठीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

"झालं?" दौलतनं मान वळवून विचारलं.

"उठ! पडून काय राहिलास म्हशीसारखा!" डॉक्टर गरजले, आणि वस्तादांकडे वळून म्हणाले, "इथून पुढं एखाद्या पोराला ताप आला, की तो उतरल्यावरही महिनाभर त्याला मातीत घ्यायचं नाही. छातीत दुखलं तर माझ्याकडं आणायचं. दुसऱ्या कुणी लाथ मारलेली कळली, तर तुम्हाला इथंच गाडीन."

"पायाळूचा नेम म्हनायचा का हा?" निवृत्तीबाबांनी विचारलं.

"माझा म्हणायचा!"

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते नोकरी सोडून गावी निघाले. आई थकली होती. मी त्यांना सीबीएस बसस्टँडवर सोडायला गेलो. कंडक्टरनं त्यांची पुस्तकांची पेटी टपावर आपटली म्हणून भांडण जुंपलं होतं, आणि सटाण्याची गाडी त्या भांडणापायी सुटत नव्हती. शेवटी ते खिडकीशी बसले, घामानं चिंब, पाय सीटखाली आखडलेले. मला म्हणाले, "तुझी पट्टी हल्ली फिकट येते. यंत्र बघून घे." मी हो म्हणालो. गाडी वळेपर्यंत त्यांचा आवाज येत होता. आता ते शेजारच्या माणसाला विडी विझवायला सांगत होते.

दौलत परवानगीनंतरच्या हंगामात मातीत उतरला. पहिली कुस्ती हरला, दुसरी जिंकला. निवृत्तीबाबांनंतर तोच त्या तालमीचा वस्ताद झाला. तापातून उठलेल्या पोराला तो महिनाभर मातीत घेत नाही, आणि छातीत धरलेल्याला पट्टी काढायला माझ्याकडे आणतो. त्या तालमीतलं एकही पोर पुढं त्या दुखण्यानं गेलं नाही.